एमबीए कोल्हापुरातच केलं, त्याचा रिव्ह्यू (भिंतीवरच्या मिशनसकट)

रेटिंग पाचातलं साडेतीन. दीड कुठं गेलं ते खाली लिहिलंय, जरा लांबलंय, पण सध्या कॅपच्या (सरकारी केंद्रीय ॲडमिशनच्या) फॉर्मचा सीझन आहे आणि रोज कोणतरी इनबॉक्समध्ये "ताई तुमचं कॉलेज कसंय, घेऊ का" विचारतंय, प्रत्येकाला वेगळं टाईप करायचा कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

बाकीचे रिव्ह्यू मी वाचलेत. कॅम्पस मस्त, फॅकल्टी सपोर्टिव्ह, पार्किंग आहे, कँटीनचा मिसळपाव बरा. बरोबर आहे सगळं, पण दोन वर्षं आणि घरच्यांचे पैसे घालायचे ते पार्किंगसाठी नव्हं. कॉलेज स्वतः भिंतीवर लिहून सांगतंय की आम्ही तुम्हाला काय करणार आहोत, त्याला ते मिशन म्हणतात, मग रिव्ह्यू त्याचाच करायला पाहिजे ना. मोबाईल घेताना बॉक्सवर लिहिलेलं आणि आत निघालेलं आपण ताडून बघतोच की. कॉलेजचं नाव लिहीत नाही. एक तर तिथले दोनतीन सर-मॅडम अजून मला फोनवर मदत करतात, आणि दुसरं म्हणजे खालचं निम्मं तरी कुठल्याही कॉलेजला लागू पडतंय.

तर बोर्ड. मेन बिल्डिंगमध्ये शिरलं की समोर काळ्या ग्रॅनाईटवर सोनेरी अक्षरात, डाव्या हाताला व्हिजन, उजव्या हाताला मिशन, मधे शाहू महाराजांचा फोटो. मजकूर इंग्रजीत आहे, मराठीत सांगायचं तर जागतिक दर्जाचं व्यवस्थापन शिक्षण देणे, मूल्याधिष्ठित आणि नावीन्यपूर्ण नेतृत्व घडवणे, संशोधनाला चालना देणे, उद्योगजगताशी नातं जोडणे, समाजाप्रती उत्तरदायी नागरिक तयार करणे. वाचायला गोड आहे, कशालाच नाही म्हणता येत नाही. पण अख्ख्या बोर्डात कोल्हापूर नाही. ऊस नाही, दूध नाही, फाउंड्री नाही, चांदी नाही, चप्पल नाही. हाच ग्रॅनाईट उचलून नागपुरात नाहीतर नोएडात बसवला तर एक अक्षर बदलावं लागणार नाही, फक्त फोटो बदलायचा. आणि फोटोतल्या माणसाने 1895 साली शाहूपुरी वसवून गुळाची पेठ उभी केली, 1906 ला कापडाची गिरणी काढली, पाठोपाठ राधानगरीचं धरण हातात घेतलं, म्हणजे बाजार, कारखाना आणि पाणी तिन्ही एकाच माणसाच्या डोक्यातून. मॅनेजमेंटच्या दोन वर्षात यावर एक लेक्चर झालं नाही. जयंतीला हार मात्र मोठा असतो.

हे बोर्ड सगळीकडे एकसारखे का असतात ते मला तिथं शिकताना कळलं. मिशन लिहायला लागतं ते बहुतेक वेळा पोरांसाठी नसतंय, कॉलेज तपासून मान्यता द्यायला येणाऱ्या कमिटीसाठी असतंय. अमेरिकेत बिझनेस स्कूलांना मान्यता देणारी एएसीएसबी म्हणून संस्था आहे, 1916 ची, तिने 1991 मध्ये नियम बदलून असं केलं की सगळ्यांना एकच माप लावायचं नाही, ज्या त्या स्कूलने आपलं मिशन सांगायचं आणि त्याच मापाने त्याला तपासायचं. कल्पना चांगली आहे बघा, तुम्ही छोट्या गावातलं छोटं कॉलेज असाल तर तुम्ही हार्वर्ड व्हायची गरज नाही, तुम्ही जे म्हणालात ते करताय का एवढंच बघायचं. आपल्याकडे एनबीए आहे, बास्केटबॉलवालं नव्हे, नॅशनल बोर्ड ऑफ ॲक्रिडिटेशन, त्यांच्या फाईलमध्येसुद्धा सगळ्यात आधी व्हिजन-मिशन, मग त्याला जोडून पीईओ (कोर्सची उद्दिष्टं), मग पीओ (कोर्स संपल्यावर पोरांना काय यायला पाहिजे), मग प्रत्येक विषयाचे सीओ (त्या विषयातनं काय यायला पाहिजे), आणि मग तक्ते, ज्यात कुठला विषय कुठल्या आऊटकमला किती लागू पडतो त्याचे 1, 2, 3 असे आकडे भरायचे. 1 म्हणजे थोडासा, 3 म्हणजे भरपूर. आमच्यात एका कोर्सला लीडरशिपपुढे 3 होता, आणि त्या कोर्समध्ये आम्ही पूर्ण सेमिस्टर पीपीटी वाचली, सरांनी वाचली आणि आम्ही उतरून घेतली. 3.

कमिटी यायच्या आधीचा आठवडा तर बघण्यासारखा होता. कुंड्या आल्या, लायब्ररीत रजिस्टर आली, आणि सगळ्या वर्गाला मिशन पाठ करायला लावलं, कारण म्हणे कमिटीवाले कॉरिडॉरमध्ये कुणालाबी थांबवून विचारतात. दोन पोरांना पहिल्या बेंचवर बसवलं ज्यांना घडाघडा येत होतं. आमच्यातल्या एकाने मॅडमना विचारलं की मॅडम यातला मूल्याधिष्ठित म्हणजे नेमकं काय धरायचं, तर मॅडम म्हणाल्या तू आधी पाठ कर रे बाळा. मॅडम वाईट नाहीत हां, त्यांच्यावर तीन विषय, ॲडमिशनची ड्युटी, नॅकची (कॉलेजांना ग्रेड देणाऱ्या संस्थेची) फाईल आणि वर्षाला एवढे पेपर छापा म्हणून प्रेशर, त्यात पैसे घेऊन छापणारी जर्नल्स दारात उभीच असतात. मिशनमधली ती संशोधनाची ओळ आहे ना, ती या मॅडमच्या रात्रीतून जाते. एकही पेपर आम्हाला कधी वर्गात सांगितलेला आठवत नाही, म्हणजे संशोधन झालं पण ते आमच्यापर्यंत आलंच नाही.

मोठ्या लोकांचं काय असतं म्हणून मी बघितलं होतं. हार्वर्ड बिझनेस स्कूल 1908 चं, एमबीएची डिग्री तिथूनच सुरू झाली, त्यांचं मिशन एका वाक्यात, जगात फरक पडेल असे लीडर घडवतो. एमआयटीच्या स्लोन या बिझनेस स्कूलचं जरा लांब, त्यात तत्त्वाचे आणि नवीन काहीतरी करणारे लीडर आहेतच पण व्यवस्थापनाच्या कामाला पुढे नेतील अशा कल्पना तयार करणं हा वेगळा भाग आहे. त्यांना ते शोभतं, कारण तिथं प्रोफेसरचं निम्मं काम रिसर्च असतं आणि त्याला वेळ आणि पैसा दोन्ही असतो. 1961 ला आपल्याकडे आयआयएम कलकत्ता आणि अहमदाबाद निघाली तेव्हा एकाला स्लोनची मदत होती आणि दुसऱ्याला हार्वर्डची, तिथून ही भाषा आली आणि मग झिरपत झिरपत गावोगावच्या ग्रॅनाईटवर पोचली. प्रोफेसरांचा वेळ आणि पैसा तेवढा वाटेत राहिला.

पण देशातच दुसरं उदाहरण आहे, त्याचं कुणी नाव काढत नाही. गुजरातमधल्या आणंदची इर्मा, ग्रामीण मॅनेजमेंट शिकवणारी संस्था. वर्गीस कुरियननी 1979 ला काढली, आणि का काढली तर दूध संघांना आणि गावातल्या उत्पादकांच्या संस्थांना चालवायला शिकलेली पोरं पाहिजेत म्हणून. बास. कुणासाठी, कशासाठी, कुठं, सगळं त्यातच आलं. तिथं पोरांना गावात राहायला पाठवतात, तो कोर्सचाच भाग आहे. 2025 ला केंद्राने कायदा करून तिचं त्रिभुवन सहकारी युनिव्हर्सिटी केलं. आता मला सांगा, कोल्हापूर जिल्ह्यात गोकुळ 1963 पासून आहे, वारणा आहे, साखर कारखाने आहेत, सेवा सोसायट्या तर गल्लोगल्ली, आणि आमच्या कॉलेजच्या मिशनमध्ये सहकार हा शब्द औषधालासुद्धा नाही. सहकारावर एक इलेक्टिव्ह होता, मिनिमम पोरं झाली नाहीत म्हणून बंद केला. पोरं का झाली नाहीत? कारण ओरिएंटेशनला स्टेजवरून सांगितलं की डिजिटल मार्केटिंगला स्कोप आहे.

आता चांगलं सांगते, नाहीतर म्हणाल नुसती नावं ठेवते.

सेकंड सेमला फायनान्सला एक व्हिजिटिंगचे सर यायचे, साखर कारखान्याच्या अकाउंट्समधनं रिटायर झालेले, पांढरा हाफ शर्ट, खिशाला दोन पेनं, पीपीटी कधी उघडली नाही. वर्किंग कॅपिटल, म्हणजे धंद्यातलं खेळतं भांडवल, शिकवायचं होतं. पुस्तकात साखळी असते, कच्चा माल, उत्पादन, विक्री, वसुली. सरांनी फळ्यावर लिहिलं 14, आणि गोल केला. म्हणाले ऊस गाळला की 14 दिवसात शेतकऱ्याला पैसे द्यायचे, 1966 चा कंट्रोल ऑर्डर आहे, नाही दिले तर 15 टक्क्यांनी व्याज. आता साखर किती दिवसात विकणार? वर्गातनं कुणी म्हणालं महिन्यात, कुणी दोन. सर म्हणाले विकायची घाई तू करशील रे, पण दर महिन्याला किती विकायची त्याचा कोटा दिल्लीतनं येतो. म्हणजे खरेदी चार-पाच महिन्यात उरकायची आणि विक्री वर्षभर. मधला पैसा कुठनं आणायचा? तेव्हा कुठं मालतारण कर्ज म्हणजे काय ते डोक्यात शिरलं, गोडाऊनमधली पोती बँकेकडे तारण, बँक पोत्याच्या किमतीतलं मार्जिन कापून उचल देते, साखरेचा भाव पडला की उचल पण कमी होते.

मग त्यांनी हिशोब मांडला. 2024-25 चा एफआरपी, म्हणजे शेतकऱ्याला उसाला द्यायचा सरकारने ठरवलेला किमान दर, 10.25 टक्के उताऱ्याला (उसातनं निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) क्विंटलला 340 रुपये, म्हणजे टनाला 3400. त्या उताऱ्याने टनातनं साखर किती, तर 102.5 किलो. सरकारने ठरवलेला किमान विक्री दर किलोला 31 रुपये, 2019 पासनं तेव्हापर्यंत तोच. गुणाकार करा. 3177 रुपये 50 पैसे. वर्गात एकदम शांतता, आणि मग एकजण म्हणाला सर हे तर सुरुवातीलाच गेलं की. सर हसले, म्हणाले बाजारभाव 31 च्या वर असतो म्हणून गाडं चालतंय, शिवाय बगॅस (उसाचा चोथा) आहे, मळी आहे, इथेनॉल आहे, पण तुला आता कळलं ना कारखाने पहिल्या उचलीला, म्हणजे शेतकऱ्याच्या पहिल्या हप्त्याला, हात का आखडतात आणि शेतकरी एकरकमी एफआरपी म्हणून रस्त्यावर का येतात, दोघांचाबी हिशोब खरा आहे. मागच्या बेंचवर शिरोळकडचा एकजण होता, कधी तोंड न उघडणारा, तो म्हणाला सर आमच्या पप्पांचं बिल अजून आलं नाही. सर म्हणाले किती टन गेलाय, काटा पावत्या आहेत का घरात, घेऊन ये. पुढच्या लेक्चरला बिल आलं होतं, पोरगं बिल घेऊन आलं, आणि तासभर आम्ही फक्त तो एक कागद वाचला, तोडणी-वाहतूक किती कापली, सोसायटीची वसुली किती, हातात काय राहिलं. पहिल्या बेंचवरची मिशन पाठ असणारी दोघं पण वहीत उतरून घेत होती.

मला विचाराल तर साडेतीनातला एक अख्खा स्टार त्या कागदाचा आहे. बोर्डावर उद्योगजगताशी नातं म्हणून जे लिहिलंय ते त्या दिवशी वर्गात होतं, आणि सरांना मिशन काय आहे हे बहुतेक माहीतबी नसावं, ते रिक्षानं यायचे, शिकवायचे, चहा पिऊन जायचे. पुढच्या वर्षी ते आले नाहीत. कारण कुणी सांगितलं नाही, कुणीतरी म्हणालं पीएचडी नव्हती, फाईलमध्ये बसत नव्हते.

ऑफिशियल इंडस्ट्री व्हिजिट कशी असते ते पण ऐका. शिरोली एमआयडीसीत फाउंड्री, बसमधनं उतरलो, गेटवर बॅनर धरून फोटो, एचआरच्या सरांनी कंपनीची माहिती दिली, हेल्मेट घालून एक राऊंड, वितळलेलं लोखंड ओतताना सगळे व्हिडिओ काढण्यात दंग, समोसा-चहा, परत बस. माझे पप्पा तिथनं दोन गल्ल्या सोडून जॉबवर्क करतात, घरी येऊन सांगितलं तर त्यांनी एकच विचारलं, रिजेक्शन किती टक्के आहे त्यांचं? कुणी विचारलंच नव्हतं. कास्टिंगमध्ये ब्लोहोल (हवेनं पडलेलं भोक) निघाला की तो पीस परत भट्टीत, लोखंड परत मिळतं पण वीज, वाळू, मजुरी आणि वेळ गेला तो गेला, आणि पुण्यातल्या कस्टमरची डिलिव्हरी हुकली तर वेगळंच. ऑपरेशन्सचा अख्खा पेपर त्या एका प्रश्नात होता. बसच्या खर्चात निदान दोनचार पोरांना महिनाभर तिथं बसवलं असतं तरी चाललं असतं.

आणि आता एक स्टार कुठं गेला ते. प्रोजेक्ट. पहिलं वर्ष संपलं की समर प्रोजेक्ट असतो, तुम्ही कंपनीत जायचं, काम करायचं, रिपोर्ट लिहायचा. माझी मैत्रीण हुपरीची, घरात पैंजणांचं काम. तिचा टॉपिक तिनेच काढला होता, चांदी कारागिराकडे वजनावर जाते, माल वजनावर परत येतो, मधे घट (कामात वाया जाणारी चांदी) धरायची असते, मजुरी वेगळी, व्यापाऱ्याची उधारी वेगळी, आणि चांदीचा भाव रोज वरखाली, तर देताना आणि घेताना भाव बदलला तर तोटा कुणाचा? मला विचाराल तर आमच्या बॅचमधला सगळ्यात कडक टॉपिक. घरात वह्या होत्या, माणसं होती, डेटा होता. गाईडनी वाचलं आणि म्हणाले चांगलंय पण लई लोकल होतंय, आपलं मिशन ग्लोबल आहे, कमिटी बघते, तू ऑनलाईन शॉपिंगबद्दल ग्राहकांची मतं असं काहीतरी घे. घेतलं तिने. गुगल फॉर्म, शंभर जणांना पाठवला, त्यात निम्मे आमच्याच हॉस्टेलचे, पाय चार्ट, स्पायरल बाइंडिंग. कॉलेजबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडे अशा टॉपिकचे जुने रिपोर्ट पेनड्राईव्हमध्ये असतात, नाव तेवढं बदलायचं. तिला मार्क चांगले पडले. घटीचा हिशोब तसाच राहिला.

गंमत बघा, आमचा शेवटचा पेपर होऊन थोडेच दिवस झाले असतील, जून 2025, प्राडा या इटलीच्या फॅशन ब्रँडने मिलानच्या फॅशन शोमध्ये आपली कोल्हापुरी चप्पल चालवली, सुरुवातीला कुणाचं नावसुद्धा न घेता. इथं बोंबाबोंब झाली, महाराष्ट्र चेंबर या व्यापाऱ्यांच्या संघटनेने पत्र लिहिलं, मग प्राडाने मान्य केलं की प्रेरणा भारतातल्या हाताने बनवलेल्या चपलांवरनंच घेतलीय. कोल्हापुरीला 2019 चा जीआय (भौगोलिक मानांकन) आहे, महाराष्ट्रातले चार जिल्हे आणि कर्नाटकातले चार. जीआय असून उपयोग का होत नाही, नाव वापरलं तर काय करता येतं आणि नुसती डिझाईन उचलली तर काय, सुभाषनगरच्या कारागिराला जोडीमागे किती सुटतात आणि मधे कोण किती खातंय, यावर दोन वर्षात एक तास झाला असता तर आमच्यातलं कुणीतरी त्या आठवड्यात टीव्हीवर बसून धड बोललं असतं. आमच्या बॅचच्या ग्रुपवर काय चाललं होतं तर जगात भारी कोल्हापुरीचे स्टेटस. ग्लोबल आपल्या दारात आलं, आणि चप्पल आम्ही लोकल म्हणून बाहेर काढून ठेवली होती.

बाकीचं पटकन. प्लेसमेंट: येतात कंपन्या, बहुतेक बँका, इन्शुरन्स, फायनान्स कंपन्यांचे सेल्सचे जॉब, टार्गेट असतं, पुण्यात जायची तयारी असेल तर पर्याय वाढतात. मला आत्ताची नोकरी, फाउंड्रीत परचेस, ती पप्पांच्या ओळखीने मिळाली, कॉलेजने नाही, पण इंटरव्ह्यूला मालतारण आणि वर्किंग कॅपिटलच विचारलं, त्यामुळे अर्धं क्रेडिट हाफ शर्टवाल्या सरांना. लायब्ररी चांगली, एसी चालतो. कँटीन बरं. मेसचं सोडा. फी: स्कॉलरशिपचं महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर नीट बघा, ईबीसीला (आर्थिकदृष्ट्या मागासांना) निम्मी ट्युशन फी मिळते, आणि मुलींसाठी 2024 पासून ज्यांचं घरचं उत्पन्न 8 लाखांच्या आत आहे त्यांना ट्युशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे पण कॅपमधनं ॲडमिशन पाहिजे, मॅनेजमेंट कोट्याला नाही, हे ऑफिसात कुणी आपणहून सांगत नाही, कागद घेऊन जा. ऑफिसमधले काका तसे मदत करतात, फक्त जेवणाच्या सुट्टीत जाऊ नका.

तर आता ज्यांनी सीईटीत अडीच तासात 200 प्रश्न फोडून आता कॉलेज बघत फिरायचं ठरवलंय त्यांनी एक करा. बोर्ड बघू नका, बोर्ड सगळ्यांचा छान असतो. लायब्ररीत जाऊन मागच्या वर्षीच्या प्रोजेक्ट रिपोर्टांची नावं बघा, नुसत्या पाठी वाचत चला, अर्ध्या तासात कळतं. सगळीकडे ग्राहकांचं समाधान आणि कर्मचाऱ्यांचं समाधान असेल तर समजून जा. एखादा गुऱ्हाळाचा, एखादा यंत्रमागाचा, एखादा दूध संकलन केंद्राचा दिसला तर त्याचा गाईड कोण होता ते नाव लिहून घ्या आणि ते सर किंवा मॅडम अजून आहेत का ते विचारा. बाहेरनं शिकवायला कोण येतं ते पण विचारा, कारखान्यातला, बँकेतला, मार्केट यार्डातला माणूस वर्गात येतो का. वेबसाईटवर मँडेटरी डिस्क्लोजर म्हणून पान असतं, एआयसीटीईने (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने) सक्तीचं केलेलं, त्यात फॅकल्टीची यादी असते, ती आणि वर्गात दिसणारी माणसं जुळतात का बघा. आणि धीर असेल तर ॲडमिशन काउंटरवर विचारा की तुमच्या मिशनमधलं एक वाक्य सांगा आणि त्यासाठी गेल्या वर्षी काय केलं ते सांगा. मी हे आमच्या कॉलेजात गेल्या महिन्यात विचारलं, बहिणीसोबत गेले होते, समोरची मुलगी नवीन होती, तिने मागे वळून बोर्डाकडे बघितलं आणि ब्रोशर दिलं.

बहीण यंदा फॉर्म भरतीय. हे कॉलेज मी तिला तिसऱ्या नंबरला टाकायला सांगितलंय. पहिल्या दोनला काय टाकलंय ते इथं लिहिणार नाही, आधीच सीटा कमी आहेत.